मूल जिथे, पिशवी तिथे : टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलासोबत घराबाहेर पडताना

टाइप वन डायबेटिसचं, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा डायबेटिसचं, निदान होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. टोचणं, मोजणं, जेवणाआधीचं इन्सुलिन हे सगळं घरात कसंबसं मार्गी लागलेलं असतं. आणि मग मूल शाळेतून एक चिठ्ठी घेऊन येतं. सहल आहे, पालकांची सही हवी. आमच्याकडे ती चिठ्ठी दोन दिवस टेबलावर तशीच पडून होती. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. येता-जाता तो ती चिठ्ठी सरळ करून ठेवायचा, बोलायचा काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी सही केली खरी, पण सोबत काय द्यायचं, कुणाला काय सांगायचं, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. खाली जे आकडे आहेत ते मुलांसाठी सर्वसाधारणपणे वापरले जाणारे आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. इन्सुलिनचा डोस तर कुठल्याही लेखावरून बदलायचा नाही.

पहिली पायरी : चार आकडे पाठ करा

बहुतेक मुलांसाठी शुगर, म्हणजे रक्तातली साखर, दर डेसिलिटरला ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी असं धरतात. ७० च्या खाली गेली की ‘लो’. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर लो. तिथे विचार करत बसायचं नाही. आणि २५० च्या वर शुगर अडून बसली, किंवा मूल आजारी असलं, की कीटोन तपासायचे. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, तेव्हा तयार होणारी आम्लं म्हणजे कीटोन; ती वाढणं धोक्याचं. हे चार आकडे घरातल्या प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायला हवेत. बाकीचं हळूहळू अंगवळणी पडतं.

मीटरवरच्या आकड्याला ‘चांगला’, ‘वाईट’ म्हणू नका. ही सवय मला उशिरा लागली. मी मीटर बघून सुस्कारा टाकायचे आणि मुलगा म्हणायचा, “मी काही खाल्लं नाहीये, खरंच.” आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. पुढे काय करायचं तेवढं तो सांगतो. मुलाला आकड्याची भीती वाटायला लागली की ते तपासणं टाळतं, आणि मग आपण अंधारात.

तपासण्याआधी हात साध्या पाण्याने धुवायचे आणि कोरडे करायचे. हे अगदी किरकोळ वाटतं. एकदा त्याची शुगर ३१० आली. मी इन्सुलिनचं पेन हातात घेतलं, तेवढ्यात लक्षात आलं की स्वारी नुकतीच फळं सोलत होती. हात धुऊन दुसऱ्या बोटाला टोचलं तर ११८. बोटाला लागलेल्या रसाच्या भरवशावर मी त्याला इन्सुलिन देणार होते.

दुसरी पायरी : पिशवी

एक पिशवी ठरवा आणि तिचं एकच काम ठेवा. तिच्यात असावं : ग्लुकोमीटर, स्ट्रिपची डबी, लान्सेट (बोटाला टोचायच्या सुया), जेवणाआधीचं इन्सुलिन, पेनच्या सुया, कीटोन तपासायच्या स्ट्रिप, डॉक्टरांनी दिलं असेल तर ग्लुकागॉन (शुगर झटकन वर आणणारं तातडीचं औषध), वापरलेल्या सुयांसाठी घट्ट झाकणाची जाड डबी, आणि लगेच चढणारी साखर. साखर निदान तीन वेळा लो झाली तरी पुरेल इतकी. सेन्सर (अंगाला चिकटवलेला, सतत शुगर दाखवणारा) किंवा पंप (नळीतून सतत इन्सुलिन सोडणारा) असेल तरी मीटर हवंच. सेन्सर गळून पडायला पोहण्याचा तलाव लागत नाही, दाराची चौकट पुरते. पंपवाल्यांनी पेन आणि सुयाही ठेवाव्यात. पंप बंद पडला की शरीरात इन्सुलिनचा साठा नसतो आणि काही तासांतच कीटोन वाढायला लागतात.

स्ट्रिपची डबी दर वेळी घट्ट बंद करा. दमट हवेने स्ट्रिप खराब होतात आणि आकडा चुकीचा दाखवतात. सुट्ट्या स्ट्रिप खिशात नकोत.

आता पिशवीचा खरा नियम. मूल जिथे, पिशवी तिथे. सामानाबरोबर नाही, गाडीच्या डिकीत नाही, वर्गाच्या कपाटात नाही. त्या पहिल्या सहलीत मी पिशवी नीट भरून दिली होती. चढताना कुणीतरी ती बाकीच्या सामानासोबत बसच्या पोटातल्या कप्प्यात टाकली. दोन तासांनी मुलाचे पाय थरथरायला लागले आणि पिशवी त्याच्या पायांखालीच, पण पत्र्यापलीकडे! शेजारच्या मुलीकडे गोळ्या होत्या म्हणून निभावलं. त्यात दोष कुणाचा, तर माझाच. पिशवी दिली होती, पण ती कुठे ठेवायची हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून साखरेचा एक वाटा त्याच्या पँटच्या खिशात असतो. पिशवी हरवली तरी पँट हरवत नाही.

तिसरी पायरी : लो झाली तर

घराबाहेर पडताना सगळ्यात जास्त तयारी याचीच हवी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आधी खुणा. घाम, थरथर, फिकट चेहरा, अचानक भूक, डोकेदुखी, धूसर दिसणं या सगळीकडे सांगितल्या जातात. पण प्रत्येक मुलाची स्वतःची एक खूण असते. आमचा लो होताना गप्प बसत नाही, भांडण उकरून काढतो. कारण नसताना तो माझ्याशी हुज्जत घालायला लागला की मी आधी बोट मागते, मग रागावते. तुमच्या मुलाची खूण शोधा आणि ती त्याच्या सोबत असणाऱ्या मोठ्यांना सांगा.

शुगर ७० च्या खाली असेल, किंवा खुणा आहेत पण तपासायला काही हाताशी नाही, तर थेट साखर द्या. मुलांसाठी साधारण हिशोब वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज असा आहे. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ५ ग्रॅमच्या आसपास, ३० किलोच्या मुलाला ९, आणि ५० किलोच्या मुलाला १५ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे जवळपास ४ ग्रॅम. ग्लुकोजची गोळी, ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून, फळांचा रस, साखर असलेलं शीतपेय, यातलं काहीही चालतं. ‘डाएट’ लिहिलेलं पेय चालत नाही, त्यात साखरच नसते. चॉकलेटही नको; त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, आणि आपल्याकडे वेळ नसतो.

मग बसवून ठेवा आणि १५ मिनिटं थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड. मूल रडतंय, आणखी दे म्हणतंय, आपले हात शिवशिवतायत. पण रक्तातला आकडा वर यायला तेवढा वेळ लागतोच. घाईने दिलेली जास्तीची साखर तासाभराने ३०० होऊन भेटते. १५ मिनिटांनी बोटावर तपासा, सेन्सरवर नको. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर वर आलेली असली तरी तो अजून खालीच दाखवत राहतो. बोटावरही ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा. शुगर वर आल्यावर जेवायला बराच वेळ असेल, किंवा मूल पुन्हा खेळायला जाणार असेल, तर थोडं सावकाश पचणारं काहीतरी खाऊ घाला.

मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मधाचं बोटही नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन द्यायचं आणि अँब्युलन्स बोलवायची. ग्लुकागॉनच्या इंजेक्शनचा डोस सहसा २५ किलोपेक्षा कमी वजनाला अर्धा मिलिग्रॅम आणि त्यापुढे १ मिलिग्रॅम असतो. नाकात मारायचा प्रकारही मिळतो. कुठला, किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद औषधाच्या डबीलाच चिकटवा. ग्लुकागॉन दिल्यावर उलटी होऊ शकते, म्हणून कुशीवर. जवळ ग्लुकागॉन नसेल तर अँब्युलन्सला उशीर करू नका. आणि अशा वेळी कुणीतरी घाबरून इन्सुलिनकडे हात नेतं. डायबेटिस म्हटलं की इन्सुलिन, एवढंच लोकांना माहीत असतं. लो झालेल्या मुलाला इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतेल, हे मुलासोबत असणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या अक्षरांत सांगून ठेवा.

लो झालेल्या मुलाला एकट्याने कुठेही पाठवायचं नाही. “जा, ऑफिसमध्ये जाऊन बस” हे तर मुळीच नाही. जिन्यात काय होईल सांगता येत नाही. साखर मुलाकडे आणायची, मूल साखरेकडे न्यायचं नाही.

चौथी पायरी : शाळा

शाळेसाठी एक कागद पुरतो, पण तो एकाच पानाचा हवा. वर मुलाचा फोटो, मग लोच्या खुणा, किती साखर द्यायची, कधी फोन करायचा, कधी अँब्युलन्स. मी पहिल्या वर्षी चार पानं दिली होती, ती कुणी वाचली नाहीत. वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि आणखी एक मोठी व्यक्ती अशा तिघांना प्रत्यक्ष भेटून मीटर दाखवा. तिघं यासाठी की एक रजेवर असतो आणि एक विसरतो. मुलाला वर्गात तपासायला, पाणी प्यायला आणि शौचाला जायला परवानगी विचारावी लागू नये, एवढं पक्कं करून घ्या. शुगर वाढली की तहान आणि लघवी वाढतेच, तो काही चावटपणा नाही. परीक्षेआधी शुगर बघायची आणि साखर बाकावर ठेवायची.

पाचवी पायरी : खेळ

खेळू द्या. हे आधी सांगावं लागतं, कारण घरातलं कुणीतरी “आता धावपळ नको” म्हणणारच. ही भीती जुनी आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांवर उपचार म्हणजे जवळजवळ उपासमार, आणि तीही थोड्याच दिवसांची मुदत मिळवण्यासाठी. त्या काळातल्या मुलाला खरंच धावता येत नसे. आपल्या मुलाला येतं.

खेळायच्या आधी शुगर साधारण ९० ते २५० असावी. ९० च्या खाली असेल तर थोडी साखर खाऊन, वर आल्यावर मैदानात. २५० च्या वर असेल तर कीटोन तपासा. ते वाढलेले असतील तर खेळ बंद, आधी इन्सुलिन. गेल्या २४ तासांत बेशुद्ध होण्याइतकी लो झाली असेल तर त्या दिवशी सुट्टी.

सलग धावणं, पोहणं, सायकल यांनी शुगर खाली येते. जोरकस, थोडा वेळ टिकणारा खेळ, किंवा सामन्याची धडधड, यांनी ती उलट वर जाऊ शकते. म्हणून सरावाच्या दिवशी एक गणित आणि सामन्याच्या दिवशी दुसरं. मी त्यासाठी वही ठेवली होती : खेळ कुठला, किती वेळ, आधी किती, नंतर किती. दोन महिन्यांत त्या वहीत मुलाचा स्वभाव उमटला.

जेवणानंतर तासा-दोन तासांत खेळ असेल तर त्या जेवणाचं इन्सुलिन कमी करावं लागतं. किती, ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. ज्या पायांनी धावायचं त्या मांडीत खेळाआधी टोचू नका, तिथून इन्सुलिन लवकर शोषलं जातं. गरम पाण्याने अंघोळ केल्यावरही तसंच होतं. खेळ लांबला तर दर अर्ध्या तासाने तपासा.

नवख्यांना चकवते ती रात्र. खेळानंतर स्नायू आपला रिकामा झालेला साखरेचा साठा पुढचे कितीतरी तास रक्तातून भरत असतात, त्यामुळे लो २४ तासांपर्यंत कधीही येऊ शकते. दुपारी तीन तास खेळलेलं मूल रात्री दोन वाजता लो होतं, आणि त्याचा खेळाशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. अशा दिवशी झोपताना शुगर बघा आणि मध्यरात्रीनंतरचा गजर लावा. सेन्सरचा अलार्म रात्री वाजला तरी आधी बोट तपासा. मूल सेन्सरवर झोपलं की दाबामुळे तो खोटी लो दाखवतो.

वाढदिवस, मित्राकडे मुक्काम यांबद्दल फारसं लिहीत नाही. केक खाता येतो, त्याचे कार्ब (कर्बोदकं) मोजून इन्सुलिन द्यायचं, बस. मुक्कामाच्या घरी मात्र एका मोठ्या माणसाला लोची माहिती द्या आणि तुमचा फोन रात्री चालू ठेवा.

सहावी पायरी : प्रवास

जेवढे दिवस जाणार त्याच्या दुप्पट सामान न्या : इन्सुलिन, स्ट्रिप, सुया, सेन्सर, बॅटरी, सगळं. आणि ते दोन पिशव्यांत वाटून दोन मोठ्या माणसांकडे द्या. डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात निदान, औषधांची नावं, सुया आणि उपकरणं सोबत ठेवणं गरजेचं आहे, हे लिहिलेलं असावं. औषधं मूळ खोक्यात, लेबलसकट.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहतं. उघडलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस चालतं. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर बघा आणि पेनवर उघडल्याची तारीख टाका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते क्षणभरही सोडू नका. पाण्यात भिजवून गार राहणाऱ्या खास पिशव्या मिळतात, त्या प्रवासात बर्फापेक्षा बऱ्या, कारण बर्फाला चिकटलेलं इन्सुलिन गोठतं.

गोठण्याची गोष्ट आमच्यावर बेतलेली आहे. मुक्कामाच्या खोलीत छोटा फ्रिज होता. मी पेनं आत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी काढली तेव्हा दिसायला नेहमीसारखी, स्वच्छ. नाश्त्याला इन्सुलिन दिलं, शुगर २८०. पुन्हा दिलं, ३२०. मूल पाण्याची बाटली सोडेना. तेव्हा फ्रिजच्या भिंतीवर हात ठेवला, तर तिथे बर्फाचा पापुद्रा. दुसऱ्या पिशवीतलं पेन काढलं आणि दुपारपर्यंत सगळं जागेवर आलं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर कितीही चांगलं दिसो, ते टाकून द्यायचं. अनोळखी फ्रिजमध्ये ते दाराच्या कप्प्यात ठेवायचं. आणि कारणाशिवाय शुगर उतरत नसेल तर आधी इन्सुलिनवर संशय घ्या, मुलावर नाही.

विमानात इन्सुलिन हातातल्या सामानात. खाली सामानाच्या भागात ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं. औषध आणि लोसाठी लागणारं पेय तपासणीत आधीच काढून दाखवा. हातातल्या सामानातल्या द्रवांवरच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून वैद्यकीय गरजेच्या गोष्टींना सवलत असते, पण विचारायच्या आधी आपण सांगितलेलं बरं. पंप आणि सेन्सर स्कॅनरमधून नेऊ नका असं बऱ्याच कंपन्या सांगतात. उपकरणाची पुस्तिका बघा आणि हाताने तपासणी करायला सांगा. विमान वर चढताना हवेचा दाब कमी होतो आणि पंपाच्या नळीत बुडबुडे येऊ शकतात, थोडं जास्तीचं इन्सुलिनही जाऊ शकतं. म्हणून उड्डाण स्थिरावल्यावर आणि उतरल्यावर नळी बघायची.

एरवी आपण इन्सुलिन जेवणाच्या १५ मिनिटं आधी देतो. विमानात, रेल्वेत, हॉटेलात तसं करू नका. ताट समोर आल्याशिवाय सुई बाहेर काढायची नाही. येतंच आहे म्हणता म्हणता अर्धा तास जातो.

वेळेचा फरक दोन-तीन तासांचा असेल तर फारशी अडचण नसते. जास्त असेल तर लक्षात ठेवा : पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचे दोन डोस एकमेकांवर चढू शकतात. पश्चिमेकडे दिवस लांबतो आणि मध्ये खिंडार पडतं. तारखा-वेळांचा तक्ता निघण्याआधी डॉक्टरांकडून करून घ्या.

दिवसभर बसून असल्यामुळे प्रवासात शुगर चढते, आणि पोहोचल्यावर पायी भटकंती सुरू झाली की धपकन उतरते. खूप थंडीत मीटर काम करत नाही, ते अंगाजवळ कपड्यांच्या आत ठेवा. परदेशात मीटरवर ५.५ असा आकडा दिसला तर दचकू नका. ते मिलिमोल आहे, १८ ने गुणलं की आपला आकडा येतो, इथे ९९. आणि बाहेर इन्सुलिनची बाटली विकत घ्यावी लागली तर तिच्यावर मिलिलिटरमागे ४० युनिट लिहिलंय की १०० ते बघा. सिरिंज त्याच आकड्याची हवी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज म्हणजे अडीचपट डोस.

सातवी पायरी : बाहेरगावी उलट्या झाल्या तर

घाटातली गाडी लागली म्हणून उलटी, की कीटोन वाढले म्हणून, हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक उलटीला शुगर आणि कीटोन दोन्ही तपासायचे. रक्तातले कीटोन ०.६ च्या आत असतील तर ठीक. १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना फोन. ३ किंवा जास्त म्हणजे हॉस्पिटल. आकडा काहीही असो, मूल धापा टाकल्यासारखा खोल श्वास घेत असेल, गुंगीत असेल, पोटात पाणी ठरत नसेल, तरीही हॉस्पिटलच.

जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद, ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. आजारात शरीराला इन्सुलिन लागतंच, कित्येकदा जास्तच लागतं. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कधीही पूर्ण थांबवायचं नाही. शुगर कमी आणि कीटोन जास्त अशी विचित्र जोडीही होते. तेव्हा गोड पेय घोटाघोटाने आणि इन्सुलिन दोन्ही लागतात, पण तो हिशोब फोनवर डॉक्टरांबरोबरच करा. जिथे जाणार तिथलं मुलांचं हॉस्पिटल कुठलं, हे निघण्याआधीच बघून ठेवा.

घरी परतल्यावर

पिशवी त्याच दिवशी रिकामी करायची. उन्हात तापलेलं किंवा शंका असलेलं इन्सुलिन बाजूला काढायचं, स्ट्रिप मोजायच्या, सुयांची डबी भरली असेल तर बदलायची, संपलेली साखर पुन्हा भरायची. मुलगा आता हे स्वतः करतो. मी फक्त शेवटी त्याच्या पँटचे खिसे चाचपते. धुवायला टाकलेल्या पँटमध्ये ग्लुकोजच्या गोळ्या विरघळून गेल्या, असं आमच्याकडे आतापर्यंत चार वेळा झालं आहे.